रुळालगतचा पालक

आमच्या घरानं रेल्वेचं मीठ खाल्लं असं मी म्हणत नाही, रेल्वेचा पालक खाल्ला असं म्हणते. बाबा मध्य रेल्वेत गँगमन होते, पुढे की-मॅन झाले. पगार पहिल्या तारखेला यायचा आणि वीस तारखेच्या आसपास संपायचा. त्यानंतर आमच्या चुलीवर जी भाजी चढायची ती बाजारातली नसायची. बेलवलीच्या बाजूला, रूळ आणि नाला यांच्या मधे रेल्वेची एक चिंचोळी पट्टी होती. ती बाबांच्या नावावर होती, म्हणजे कसण्यापुरती. कागदावर त्या योजनेचं नाव 'ग्रो मोअर फूड'. बाबा नुसतं 'प्लॉट' म्हणायचे, आई 'आपलं शेत' म्हणायची, आणि माझ्या मते दोघांच्या बोलण्यातल्या या फरकातच पुढची सगळी हकीकत होती.

हल्ली कंपन्या शहरातल्या शेतीला पैसे देतात. गच्चीवर वाफे, शाळेच्या आवारात परसबाग, वस्तीत भाजीपाला. फलकावर कंपनीचं बोधचिन्ह आणि उद्घाटनाला टोप्या घातलेले अधिकारी. हे सगळं परवा सुरू झालं अशा थाटात बोललं जातं, म्हणून हे लिहायला घेतलं. मोठ्या संस्थेनं पडीक जागा द्यायची आणि लहान माणसानं त्यातून भाजी काढायची, हा व्यवहार अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात कंपन्यांना समाजकार्यावर खर्च करायला लावणाऱ्या कायद्याआधी सत्तर वर्षं चालू होता. त्याचा खरा हिशेब लावायचा तर त्याहीपेक्षा मागे, रूळ पडले तिथवर जावं लागतं.

१७ ऑगस्ट १८४९ रोजी ईस्ट इंडिया कंपनी आणि ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी यांच्यात करार झाला. त्यातली दोन कलमं आमच्या पट्टीच्या दृष्टीनं महत्त्वाची. रेल्वे कंपनीला गुंतवलेल्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी, आणि लागेल ती जमीन सरकारकडून फुकट. एका कंपनीनं दुसऱ्या कंपनीला दिलेली ही जमीन दोघींचीही नव्हती. ती भातखाचरांची होती. बोरीबंदर ते ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली, १८५४ च्या मे महिन्यात ती कल्याणला पोचली आणि १८५६ च्या मे महिन्यात आमच्या भागातून पुढे घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीकडे गेली. उल्हास नदीच्या खोऱ्यातली ही सखल, पाणथळ जमीन. आगरी आणि कुणबी शेतकरी पावसाळ्यात भात काढायचे आणि भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल पेरायचे. त्यातून रूळ न्यायचे म्हणजे भराव घालणं आलं आणि भरावाला माती हवी. ती दोन्ही अंगांनी उपसून वर टाकली. रूळ उंचावर गेले, बाजूची जमीन आणखी खोल झाली. आजही लोकलच्या खिडकीतून पाहिलं तर रुळाच्या कडेला जी खोलगट, ओलसर पट्टी दिसते, ती बरीचशी अशी झाली आहे. अळूला आणि पालकाला याहून चांगली जागा सापडणार नाही. इंजिनिअरांनी ती शेतीसाठी केली नव्हती, पण झाली खरी.

पाण्याचंही तसंच. वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं म्हणून रेल्वे कंपनीनं अंबरनाथजवळ काकोळे गावाच्या शिवारात धरण बांधलं. कंपनी जाऊन जमाना झाला. १९२५ साली तिचा कारभार सरकारनं हाती घेतला आणि १९५१ साली मध्य रेल्वे झाली. पण त्या तलावाला लोक अजून 'जीआयपी टँक'च म्हणतात. २०१४ पासून तिथेच 'रेल नीर'च्या बाटल्या भरतात. जमीन आणि पाणी दोन्ही एकदा रेल्वेच्या हद्दीत गेलं की ते रेल्वेचं होतं, मग तिला त्याची गरज असो वा नसो. गरज नसलेल्या जमिनीचं काय करायचं हा प्रश्न मात्र जवळजवळ नव्वद वर्षं कोणाला पडला नाही. तो ब्रह्मदेशानं पाडला.

मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हातात गेलं. तिथून येणारा तांदूळ थांबला, आणि मुंबई इलाखा आधीच तुटीचा होता. सरकारनं त्या वर्षी 'अधिक धान्य पिकवा' मोहीम काढली. पुढच्या वर्षी बंगालात माणसं रस्त्यावर मेली. मुंबईत मे १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झालं. ते उभं करण्यात ए. डी. गोरवाला या आयसीएस अधिकाऱ्याचा मोठा वाटा होता. माझी आजी तेव्हा परळच्या चाळीत नवी नवरी होती. तिच्या तोंडून ऐकलेलं रेशन म्हणजे तांदळातले खडे आणि कार्डावरची खाडाखोड. रेशनच्या दुकानात धान्य मिळायचं, साखर मिळायची. हिरवी भाजी रेशनवर कधीच नव्हती. सरकारी हिशेबात अन्न म्हणजे टन, आणि पालक टनात मोजला जात नाही.

मोहिमेच्या काळात मोकळ्या जागा लागवडीखाली आणायचा धोशा होता. बंगल्यांच्या हिरवळी, शाळांची मैदानं, आणि रेल्वेच्या पट्ट्या. सुरुवातीला रेल्वेची फालतू जमीन सरकारांमार्फत कसायला दिली जायची. पुढे ती रेल्वेच्याच खालच्या श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांना परवान्यानं मिळू लागली. मोहिमेचं एकूण मूल्यमापन काही फार गौरवाचं नाही. १९५२ साली व्ही. टी. कृष्णम्माचारी यांच्या समितीनं अहवाल दिला. ही मोहीम फार थोड्या शेतकऱ्यांपर्यंत पोचली आणि शेती अशी सुटी काढून सुधारत नाही, गावाचं सगळं जगणं एकत्र धरावं लागतं, हा त्याचा गाभा. त्यातून १९५३ मध्ये राष्ट्रीय विस्तार सेवा निघाली, ग्रामसेवक आले, देशभर मोहिमेचं नाव मागे पडलं. रुळाच्या कडेला ते राहिलं. आम्ही त्याचा पालक खात होतो तेव्हा ती मोहीम सरकारी कागदांत कधीच इतिहासजमा झाली होती.

ती तिथे का टिकली, याचं उत्तर पोटात नाही, हद्दीत आहे. मुंबईच्या आसपास रेल्वेची मोकळी जमीन म्हणजे उद्याची झोपडपट्टी, ही धास्ती. पहारेकरी ठेवायचा तर पगार द्यावा लागतो. त्यापेक्षा आपल्याच गँगमनला तुकडा द्यावा, वर्षाचं नाममात्र भाडं घ्यावं, पक्कं बांधकाम करायचं नाही अशी अट घालावी, आणि मागू तेव्हा जागा सोडायची असं लिहून घ्यावं. तो स्वतःच्या भेंडीसाठी पहारा देतो. मला यात वाईट काही दिसत नाही. दोघांची सोय होती. पण त्याला कल्याणकारी योजना म्हणू नये. ज्याला जागेची राखण हवी होती त्याला राखण मिळाली, भाजी हा आमचा नफा.

याच काळात आजूबाजूला काय घडत होतं तेही पाहायला हवं. युद्धात लष्करासाठी उभारलेल्या कल्याण कॅम्पच्या बराकींमध्ये फाळणीनंतर सिंधी निर्वासित आणून ठेवले, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते त्याचं उल्हासनगर झालं. एका फटक्यात एवढी तोंडं खायला आली. कॅम्पातल्या बाजारात कमळकाकडी दिसू लागली, ती आमच्याकडे आधी कोणी पाहिली नव्हती. अंबरनाथला तर कारखाने होतेच. १९१९ साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी कंपनीचा रासायनिक कारखाना, विमकोची आगपेटी, आयुध निर्माणी. धरमसीत गंधकाम्ल आणि सुपरफॉस्फेट व्हायचं. म्हणजे महाराष्ट्रभरच्या उसाला-भाताला लागणारं खत ज्या गावात तयार होत होतं, त्या गावातला कामगार रेशनच्या रांगेत. माझे एक मामा अंबरनाथच्या कारखान्यात होते, ते हे हसत सांगायचे.

मामांना मात्र कँटीन होतं. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४६ व्या कलमानं अडीचशेहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कँटीन चालवायला लावता येऊ लागलं. अन्नाच्या बाबतीत कंपन्यांवर आलेली ही ठाम जबाबदारी, आणि ती कोणाच्या दातृत्वातून नव्हे तर कायद्यातून आली, हे लक्षात ठेवावं. मामा दुपारी स्वस्तात पोटभर जेवायचे. मामी आणि मुलं घरी जे असेल ते. कँटीनची थाळी कारखान्याच्या गेटाच्या आतच राहते. घरच्यांसाठी दुसरी वाट कामगारांनी स्वतः काढली: १९४८ सालीच नायगावात गिरणगावातल्या लोकांनी सहकारी ग्राहक भांडार सुरू केलं, तेच पुढे 'अपना बाजार'. पण नायगाव ते बदलापूर हे अंतर तेव्हा फार होतं.

मग १९६५ आलं. पाकिस्तानशी युद्ध, अमेरिकेच्या गव्हाची टांगती तलवार, आणि लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी संध्याकाळचं जेवण सोडायचं आवाहन केलं. शास्त्रींनी आपल्या बंगल्याच्या आवारात नांगर चालवला, मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी दोन वर्षांत राज्य धान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर मला फाशी द्या असं शनिवारवाड्यावर जाहीर सांगितलं. त्यानंतर सातच वर्षांनी १९७२ चा दुष्काळ. रेशनवर लाल मिलो आला, ज्वारीचाच प्रकार. त्याची भाकरी थापताना आईचे हात दुखायचे आणि खाताना आमचे जबडे. बाबांनी प्लॉटसाठी अर्ज केला तो या मिलोच्या दिवसांत. तोवर त्यांना 'रुळाकडेची शेती म्हणजे भय्यांचं काम' असं वाटायचं.

आता शेतीबद्दल. बदलापूर मुंबईपासून अडुसष्टाव्या किलोमीटरवर, आमचा तुकडा त्याच्या थोडा अलीकडे. पट्टी लांब होती पण रुंदीला एवढीशी, की मधे उभं राहून हात पसरले तर एका बाजूला रुळाची खडी आणि दुसऱ्या बाजूला नाल्याची दरड असं वाटायचं. पावसाळ्यात अळू, अंबाडी, भेंडी, काकडी. दिवाळीनंतर खरा हंगाम: पालक, मेथी, लाल माठ, मुळा, कोथिंबीर. मेथी महिन्यात हाताशी येते आणि एकदाच. मुळासकट उपटायची, जुडी बांधायची. पालकाचं तसं नाही, वरून कापला की पुन्हा फुटतो, म्हणून आईचा जीव पालकावर. मका लावायचा नाही, केळ लावायची नाही, कारण उंच पीक वाढलं की वळणावर मोटरमनला आणि फाटकवाल्याला पुढचं दिसत नाही. मुकादम येता-जाता यावर डोळा ठेवून असे. शेवग्याची एक फांदी आईनं कुंपणाला म्हणून खोचली होती, ती फुटली आणि पुरुषभर झाली, तेव्हा तीही तोडावी लागली. वालाचा वेल चालायचा. वालाला कोणी काही म्हणत नसे, निम्मी गँग आमच्याकडचं बिरडं खाऊन गेलेली.

भाजी धुणं हे वेगळंच काम. गाडी ब्रेक मारते तेव्हा लोखंडाची बारीक भुकटी उडते आणि पानावर बसते. पालकाच्या पानावर तांबूस ठिपके दिसायचे. तीन पाण्यांतून काढल्याशिवाय आई तो पातेल्यात टाकत नसे, आणि पहिलं पाणी गंजाच्या रंगाचं असायचं. तेव्हा आम्हाला यात धोका वाटला नाही. पाणी तरी स्वच्छ होतं. नाला म्हणजे डोंगराकडून येणारा ओढा, त्यात डिसेंबरपर्यंत मासे दिसायचे.

परवाना बाबांच्या नावाचा, वाफे आईचे. बाबांची ड्यूटी रुळावर. उन्हात खडी मारून आलेल्या माणसाच्या हातात पुन्हा कुदळ कोण देणार? आई पहाटे पाणी घालायची, आम्ही बहिणी शाळेआधी तण काढायचो. या सगळ्याची नोंद कुठे नाही. रेल्वेच्या वहीत फक्त कर्मचाऱ्याचं नाव, हुद्दा, जागा आणि भाडं. बाबा गुडघ्यांनी बसल्यावर आणि मी नोकरीला लागल्यावर आईला एकटीला झेपेना, तेव्हा जौनपूरकडचा एक माणूस आला. तो राबायचा, आम्हाला रोजची भाजी आणि वर थोडे पैसे द्यायचा, उरलेला माल उल्हासनगरच्या बाजारात न्यायचा. हे नियमात बसणारं नव्हतं आणि सगळे करत होते. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर रुळालगत दिसणारी हिरवळ गेली कित्येक दशकं अशीच उगवते: कागद एकाचा, कुदळ दुसऱ्याची. दुसऱ्याला ओळखपत्र नाही, पीक बुडालं तर भरपाई नाही, आणि गाडीखाली कोणी आलंच तर तो 'अज्ञात इसम'.

या पालकाचं शेवटचं टोक मला चांगलं ठाऊक आहे, कारण ते लोकलच्या बायकांच्या डब्यात होतं. फोर्टातल्या कचेरीतून सुटून बदलापूर गाडी धरायची, ठाण्याच्या आसपास बसायला मिळालं तर मांडीवर वर्तमानपत्र पसरायचं आणि मेथी निवडायची. मटार सोलायचे, गवार मोडायची. घरी पोचल्यावर नुसती फोडणी. ज्यांना ही गंमत वाटते त्यांनी तास-सव्वा तास उभं राहून, घरी जाऊन चार जणांचा स्वयंपाक करून पाहावा. पोषण म्हणून जे काही बोललं जातं त्यात वेळेचा हिशेब कोणी धरत नाही. रुळाकडेची भाजी स्टेशनाबाहेर मिळायची, ताजी असायची, जुडी मोठी असायची आणि पाच-सहा स्टेशनांत निवडून व्हायची. म्हणून ती खाल्ली जायची. भाजी लोकांपर्यंत पोचवण्याचं याहून स्वस्त तंत्र मला अजून कोणत्या अहवालात सापडलेलं नाही.

नंतर पाणी बिघडलं. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या ९७,९४८ होती; २०११ मध्ये ती १,७४,२२६ झाली. बिल्डिंगी आधी आल्या, मलनिस्सारण मागाहून. ओढ्याचं गटार झालं आणि रुळाकडची शेती त्याच गटारावर पंप लावून चालू राहिली. अंबरनाथ-उल्हासनगरकडे वालधुनी नदीचंही असंच झालं, ते सगळ्यांना माहीत आहे. मग वर्तमानपत्रांत दर दोन-चार वर्षांनी बातमी: रुळालगतची भाजी खाऊ नका, तिच्यात जड धातू, तिच्यात जंतू. बातमी खरीच होती. मीही ती भाजी घेणं सोडलं. पण प्रत्येक बातमीत चेहरा त्या पंप लावणाऱ्याचा. गटार त्यानं आणलं नव्हतं. ते आमच्या फ्लॅटांतून आणि कारखान्यांतून त्याच्याकडे गेलं, आणि पालक होऊन आमच्याकडे परत आलं.

पाणी चांगलं असेल तर काय होऊ शकतं, याचं उत्तर मुंबईतच, गोदीत मिळालं. मुंबई पोर्ट ट्रस्टचं मध्यवर्ती स्वयंपाकघर रोज सुमारे तीन हजार कामगारांचं जेवण करायचं. तिथल्या केटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ मध्ये स्वयंपाकघराच्या गच्चीवर, तीनेक हजार चौरस फुटांत, बाग सुरू केली. भाजीचे देठ, फळांच्या साली, उरलंसुरलं सगळं तिथेच कुजवायचं आणि त्याच मातीत फळझाडं-भाज्या लावायच्या. बाहेरून माती आणायची गरज नाही, कचरा बाहेर न्यायची गरज नाही. या पद्धतीचे धागे वांद्र्याच्या डॉ. आर. टी. दोशींकडे जातात, त्यांनी गच्चीवर पिशव्यांत ऊससुद्धा पिकवला होता. आणि त्यामागे प्रा. श्रीपाद दाभोलकर आहेत. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवणारा हा माणूस शेतकऱ्यांमध्ये जाऊन बसला, 'प्रयोग परिवार' उभा केला, तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांना पानांवर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब करायला लावला. एका कुटुंबाला लागतं ते थोड्या जागेत, घरच्या काडीकचऱ्यावर पिकू शकतं, हे त्यांनी 'विपुलाच सृष्टी'त मांडलं. दाभोलकर २००१ मध्ये गेले. शहरातल्या गच्चीवर जी 'अमृत माती' आज कार्यशाळांत शिकवतात ती त्यांच्याकडून आलेली आहे, आणि शिकवणाऱ्यांपैकी निम्म्यांना ते ठाऊक नसतं, याचा मला राग येतो.

गोदीच्या गच्चीत आणि आमच्या पट्टीत फरक काय? तिथे बाग संस्थेच्या स्वतःच्या कामातून निघाली: स्वयंपाकघर तिचं, कचरा तिचा, करणारी माणसं पगारी आणि नावानिशी ओळखली जाणारी. आमच्याकडे संस्थेचा कामाशी संबंध हद्दीपुरता. म्हणून गोदीतल्या प्रयोगातून २००९ साली 'अर्बन लीव्हज' हा गट निघू शकला, लोक शिकले, इतर ठिकाणी गेले. रुळाकडच्या शेतीतून साठ-सत्तर वर्षांत एक पुस्तिका निघाली नाही. बाराही महिने, एवढ्याशा जागेत, गाडीच्या वाऱ्यात पालक कसा काढायचा हे जौनपूरच्या त्या माणसाला माझ्या आईइतकंच कळत होतं. त्याला कोणी विचारलं नाही.

आता कंपन्यांकडे येते. २०१३ च्या कंपनी कायद्याचं १३५ वं कलम १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. पाचशे कोटींची नक्त मालमत्ता, किंवा हजार कोटींची उलाढाल, किंवा पाच कोटींचा नफा असलेल्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. कशावर, त्याची यादी सातव्या परिशिष्टात आहे आणि तिच्या पहिल्याच ओळीत भूक, दारिद्र्य आणि कुपोषण. कँटीनसारखंच हेही कायद्यातून आलं, फक्त आता थाळी गेटाबाहेर न्यायची मुभा झाली. पैसा खराच येतो. शाळांच्या परसबागा होतात, वस्त्यांत वाफे होतात. माझी तक्रार पैशाबद्दल नाही, मुदतीबद्दल आहे, आणि ती मी रेल्वेच्या पट्टीवर शिकले.

मार्च २०१९ मध्ये मुंबई उपनगरी रेल्वेच्या एमयूटीपी-३ अ प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. त्यात कल्याण ते बदलापूर तिसरी आणि चौथी मार्गिका आहे, सुमारे चौदा किलोमीटर. नव्या रुळांना जागा जुन्या रुळांच्या शेजारीच लागते. ते व्हायलाच हवं. सकाळची बदलापूर लोकल ज्यानं दारात लटकून काढली आहे तो त्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही, मीही नाही. पण त्या निमित्तानं एक गोष्ट उघड झाली. १८४९ च्या करारात जी जमीन फुकट गेली, ती १९४२ नंतर भाजीसाठी उसनी मिळाली होती. धनी बदलला नव्हता. परवान्यात ते पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं, आणि आई त्याला 'आपलं शेत' म्हणायची तेव्हा बाबा गप्प बसायचे ते म्हणूनच.

रुळाकडच्या पट्ट्या गेल्यामुळे बदलापुरात भाजीची तूट पडली असं नाही. बाजार समितीतून माल येतो. पावसाळ्याच्या तोंडाला ठाकूर-कातकरी बायका शेवळं, टाकळा, कुर्डू घेऊन स्टेशनाबाहेर बसतात, त्याआधी जांभळं. बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन आहे. बसायला ओटा मात्र नाही. माझं चालतं तर मी मानांकनाआधी ओटा दिला असता.

मागच्या दिवाळीनंतर आमच्या सोसायटीत एका कंपनीची माणसं आली, बरोबर एक संस्था होती. गच्चीवर बाग करू, माती-कुंड्या-बियाणं आमचं, पाणी तुमचं, निम्मी भाजी शेजारच्या अंगणवाडीला. तरुण मुलगी होती, नीट बोलत होती, तयारी करून आली होती. ती मला 'काकू' म्हणाली, मी तिला चहा दिला. मग विचारलं, कागद किती वर्षांचा?

"काकू, या आर्थिक वर्षाचं बजेट आहे. एकतीस मार्चपर्यंत."

मी तिला सांगितलं की २०२१ च्या नियमांत चालू प्रकल्पाला सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षांची मुभा आहे, तेवढी लिहून आण. तीन वर्षांत शेवगा येतो, कढीपत्ता येतो, अंगणवाडीच्या मुलांना दर आठवड्याला काहीतरी जातं. लिंबू राहू दे, कागदी लिंबाला बीपासून फळ धरायला चार-पाच वर्षं लागतात. शिवाय कामाला जी बाई ठेवाल तिचं नाव करारात घाला, नुसतं 'लाभार्थी' नको. तिनं वहीत लिहून घेतलं. विचारून सांगते म्हणाली.

फेब्रुवारीत उत्तर आलं: नावाचं जमेल, मुदतीचं पुढच्या वर्षी पाहू. तेव्हा सध्या मेथी लावली आहे.